घरी बनवायच्या पेडल स्टील गिटारमधल्या या चुका टाळा

वर्षातून तीन-चार जण तरी घरी बनवलेली अर्धवट पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, पायाच्या पेडलने तारांचे सूर बदलणारी गिटार) काखेत मारून माझ्याकडे येतात. लाकडाला मस्त पॉलिश, दहा खुंट्या लखलखतायत, खाली तीन पेडलं, आणि सुरात काहीच नाही. प्रश्न ठरलेला असतो: "ट्यूनिंग कुठलं ठेवू?" अहो, हे करवत हातात घेण्याआधी विचारायचं असतं.

मुळात पेडल कशाला हवं, तेच बऱ्याच जणांनी ठरवलेलं नसतं. मींडेसाठी म्हणाल, तर ती बारनेच, म्हणजे तारांवरून सरकवायच्या धातूच्या कांडीनेच येते. हवाईयन गिटारवर राग वाजवणाऱ्याचं पेडलवाचून काही अडत नाही. पेडल लागतं ते बार जागच्या जागी ठेवून तारांमधलं अंतर बदलायला. मोकळ्या तारा ई, जी शार्प, बी. म्हणजे सा, ग, प धरा. एका पेडलने पचा ध होतो, दुसऱ्याने गचा म. सा हलत नाही, बारही हलत नाही, आणि हाताखाली सा-म-ध उभा राहतो. 1954 साली गाजलेल्या, अमेरिकी कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाण्यात स्टील गिटारवादक बड आयझॅक्सने सूर वाजत असतानाच पेडल दाबलं आणि तारा सरकताना ऐकू आल्या. मग नॅशव्हिलचे, म्हणजे कंट्री संगीताच्या माहेरघरातले वादक त्याच आवाजाच्या मागे लागले.

एवढं साधायला सहा तारा, ओपन ई (मोकळ्या तारांतच ईचा कॉर्ड वाजेल असं ट्यूनिंग) आणि दोन पेडलं पुरतात. वर्षभर त्यावर पोट भरतं. पण नाही! फोटोत दहा तारांचं ई नाईन्थ ट्यूनिंग दिसतं, तीन पेडलं, गुडघ्याने ढकलायचे चार लिव्हर. मग आपल्यालाही तेच हवं. एकाने तर ई नाईन्थचा तक्ता पाहिला, पहिली तार एफ शार्प, दुसरी डी शार्प आणि तिसरी त्या दोघींपेक्षा वर, जी शार्प. छपाईची चूक समजून त्याने तारा उतरत्या क्रमाने लावून घेतल्या. त्या पहिल्या दोन तारा क्रमाबाहेर असतात त्या मुद्दाम, मधले सूर बोटांखाली सापडावेत म्हणून.

हसतोय खरा, पण माझी पहिली गिटार याहून वाईट होती. जुन्या गिटारची फ्रेटपट्टी घरात होती, तीच लाकडावर ठेवून रेघा मारल्या. नट ते ब्रिज, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 648 मिलिमीटर. पेडल स्टीलला साधारण 24 इंच, म्हणजे 610 ठेवतात, हे वाचलं होतं. म्हटलं, 38 मिलिमीटरने काय आभाळ कोसळणार आहे? तिसरी तार जी शार्पला चढली, टिकली. पेडल दाबलं की ती एला जायला हवी. ती गेली, पण ब्रिजपासून तुटून. एका रविवारी चार तारा गेल्या. मी तारा विकणाऱ्याला शिव्या घातल्या. इंचाच्या 11 हजारांशाची तार जाड म्हणून 10ची लावली, मग 12 लावली. दोन्ही तुटल्या.

जाडी बदलून ते सुटणारच नव्हतं. पोलादाची साधी तार कुठल्या सुराला तुटेल, हे लांबी आणि सूर यांवर ठरतं. जाड तारेला ताण जास्त लागतो, पण तो झेलायला पोलादही तेवढंच जास्त असतं. आणि 648 भागिले 610 केलं तर उत्तर येतं 1.06, म्हणजे जवळपास नेमका अर्धा सूर. ताणाच्या हिशेबात माझी तार पेडल न दाबताच तिथे पोचली होती, जिथे ती पेडल दाबल्यावर पोचायला हवी. नट पुढे सरकवला, सगळ्या रेघा खरवडून नव्याने आखल्या, आणि तीच 11ची तार चार महिने टिकली. तेव्हापासून मी लाकूड कापण्याआधी फळीवर दोन खिळे ठोकून तिसरी तार ताणून बघतो. हे सांगितलं की येणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. होऊ दे.

दुसरं दुखणं सांगाड्याचं. सहा तारांचा ताण मिळून सहज 70 किलोच्या आसपास जातो, आणि पेडलं तो आणखी वाढवतात. पातळ प्लायवूड तेवढ्याने वाकतं. मग ज्या तारांना पेडल लागलेलंच नाही, त्याही उतरतात, आणि माणूस दिवसभर खुंट्या पिळत बसतो. तपासायला दोन मिनिटं लागतात: जिला पेडल नाही अशी ई तार छेडा, ट्यूनर बघा, दोन्ही पेडलं एकदम दाबा. काटा थोडा हलणारच, चांगल्या वाद्यातही हलतो. माझ्या पहिलीत तो 18 सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली गेला होता. खालून नटपासून चेंजरपर्यंत (पेडल दाबलं की तारा ओढणारा ब्रिजकडचा भाग) ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप बोल्टने आवळला तेव्हा कुठे तो चार-पाचावर आला. नुसतं फेविकॉलवर भागवू नका.

सायकलच्या ब्रेकची केबल पेडलला लावू नका. स्वस्त आहे, पुण्याच्या बोहरी आळीत हातोहात मिळते, सगळं कबूल. पण बाहेरची नळी दबते आणि सूर परत येताना आळस करतो. तीन मिलिमीटरची सळी घ्या, टोकाला आटे पाडून घ्या.

ट्यूनरवर सगळ्या तारा शून्याला आणून "तरीही कर्कश का वाजतं" असं विचारू नका. ट्यूनरचा ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा जवळपास 14 सेंट चढा असतो. आपल्या कानाला तो टोचतोच. मी ई आणि बी ट्यूनरवर लावतो, जी शार्प मात्र कानाने, तानपुरा चालू ठेवून, उतरवून घेतो. पेडल दाबल्यावर येणारा सी शार्पही तसाच, कारण एच्या कॉर्डमध्ये तो गंधारच असतो.

मोकळ्या तारा आधी, पेडलं वर असताना. पेडलचे सूर नंतर, चेंजरच्या टोकाच्या नटांवर (हे फिरवायचे नट, तारांखालचा नट नव्हे). उलट केलंत तर आयुष्यभर करत बसाल.

आणि गुडघ्याचे लिव्हर बसवायचेच असतील, तर ज्या खुर्चीवर वाजवणार त्याच खुर्चीवर बसून, पायात नेहमीच्या चपला घालून मापं घ्या. मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसून घेतली होती. त्या गिटारवर वाजवायचं तर अजूनही तीच खुर्ची ओढत न्यावी लागते.