पार्थियन चांदीची नाणी: या चुका टाळा

"पहिल्या अर्साकिसचं नाणं मिळालं!" असा फोटो महिन्याला एक तरी येतोच. अर्साकिस म्हणजे प्राचीन इराणवर राज्य केलेल्या पार्थियन घराण्याचा पहिला राजा. मोबाइलवर ग्रीक मुळाक्षरं बघून 'अर्साकू' (म्हणजे 'अर्साकिसचं') एवढंच लावलेलं असतं आणि फोटोत चांगला दाढीवाला राजा. अहो, पहिला अर्साकिस बिनदाढीचा, मऊ टोपीतला. आणि हे नाव पुढे इ.स. २२४ पर्यंत बहुतेक सगळ्या राजांनी बिरुदासारखं वापरलं. मी अक्षरांकडे शेवटी वळतो. आधी डोक्यावर टोपी की राजाची फीत, मग दाढी, मग कपाळ.

कपाळ कशाला? दुसऱ्या ओरोडीसच्या (इ.स.पू. ५७-३८) ड्राख्मवर (चांदीच्या छोट्या नाण्यावर) तिथे चामखीळ कोरलेली दिसते. एका हौशी पोरानं ती मळ समजून सुईनं टोकरली. निघेना, म्हणून लिंबू चोळलं. माझ्याकडे आणलं तेव्हा चामखीळ निम्मी गायब, भुवईवर चकचकीत ओरखडे. त्याच राजाची आणखी चार नाणी बघितली होतीस का, विचारलं. म्हणे, वेळ नव्हता! मी स्वतः नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवतो, मऊ कापडावर निथळू देतो, बास. चांदी 'चमकवण्या'चे झटपट उपाय मला सांगू नका.

दुसरं खूळ: ग्रीक मोडकं, म्हणून नाणं नकली. पहिल्या मिथ्रिडेटिस राजानं इ.स.पू. १४१ मध्ये टायग्रिस नदीकाठचं सेल्युकिया शहर घेतलं. तिथे ठसे कोरणारे ग्रीक, म्हणून अक्षरं नेटकी आणि राजाला 'ग्रीकांचा चाहता' ही पदवी. पुढे इराणातल्या टांकसाळींत कारागीर न वाचता नुसत्या रेघा उतरवत गेले. शेवटी शेवटी तर काड्याच उरल्या. पहिल्या वोलोगासिसनं (इ.स. ५१-७८) ड्राख्मवर पार्थियन अक्षरं आणली ती उगाच नाही. उलट अखेरच्या काळातल्या ड्राख्मवर सुबक ग्रीक दिसलं की मी पाकीट खिशात ठेवतो.

मागच्या बाजूला बसलेला धनुर्धारी म्हणजे ग्रीक देव अपोलो नव्हे. बैठक सेल्युकिडांच्या (पार्थियनांआधीच्या ग्रीक राजवटीच्या) नाण्यांवरच्या अपोलोची, पेहराव इराणी.

टेट्राड्राख्मवरचं (चार ड्राख्मच्या नाण्यावरचं) साल सेल्युकिड शकाचं: ३६५ म्हणजे इ.स. ५३-५४. थेट इसवी सन समजू नका.

आणि गोंडोफरेस राजाला यात कोंबू नका. तक्षशिलेकडची, ग्रीकसोबत खरोष्ठी लिपी असलेली ती नाणी इंडो-पार्थियन. त्यांचा अल्बम वेगळा.