मळ्यातलं सोलर: मे महिन्याआधी एवढं बघा
यावल-रावेरकडे मळ्यात राहायला गेलात आणि लाइन नाही म्हणून सोलर बसवताय, तर पॅनल पत्र्याला चिकटवून ठोकू नका. उन्हाचा ताप जास्त तर वीज जास्त, हा समज खानदेशात तरी सोडाच. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. हवा ४५ अंशांवर गेली की पॅनल ६५-७० पर्यंत सहज तापतं. म्हणून खाली वीतभर जागा सोडा, वारा खेळू द्या. तोंड दक्षिणेला, कल २१ अंशांच्या आसपास. आपला अक्षांशच तेवढा. धूळ पहाटेच धुवा, भर दुपारी गार पाणी ओतलं तर काच तडकू शकते.

बॅटरीचे हाल त्याहून वाईट. पत्र्याच्या खोपटात ती लवकर बसते. मातीच्या जाड भिंतीच्या खोलीत ठेवा, पण खिडकी उघडी हवी: शिसं-आम्लाची (लेड-ॲसिड) बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो, जवळ चूल-दिवा नको. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात पंधरवड्याला पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी अजिबात नाही, कितीही गोड लागलं तरी त्यात क्षार असतात.