सस्पेंड झालेला लॅपटॉप जागा होत नसेल तर : लिनक्स कर्नलमधील दोष टप्प्याटप्प्याने कसा शोधावा

लॅपटॉपचे झाकण मिटले की तो सस्पेंड व्हावा (म्हणजे चालू काम रॅममध्ये ठेवून झोपावा) आणि उघडताच होता तसा परत यावा, ही साधी अपेक्षा आहे. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या मराठवाड्यातील गावांत, किंवा उदगीर ते लातूर एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने, या सोयीचे मोल मोठे आहे. ती बिघडली तर अर्धवट काम जातेच, शिवाय एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पिशवीत जागाच राहिलेला लॅपटॉप भलताच तापतो. अशा वेळी सिस्टीम नव्याने टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो सहसा उपयोगी पडत नाही, कारण तेच कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि तेच ड्रायव्हर (एकेक उपकरण चालवणारे प्रोग्राम) पुन्हा येऊन बसतात. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधण्याची साधने कर्नलमध्येच आहेत, आणि ती वापरायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. (पुढे फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहावीत; ‘/प्रोक’ म्हणजे /proc आणि ‘/सिस’ म्हणजे /sys.)

प्रथम बिघाडाचा प्रकार ठरवावा. पडदा काळा असताना कॅप्स लॉकचे बटण दाबून त्याचा दिवा लागतो का, हे पाहावे. शक्य असल्यास त्याच नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकावरून एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून पाहावे. प्रतिसाद मिळाला तर कर्नल जागे झाले आहे आणि संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. लॅपटॉप झोपताच पुन्हा जागा होत असेल, तर ‘/प्रोक/एसीपीआय/वेकअप’ या फाइलमध्ये कोणत्या उपकरणांना जागे करण्याची मुभा आहे ते तपासावे.

त्यानंतर ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल वाचावी. चौकटी कंसातील शब्द हा सध्याचा प्रकार असतो : ‘डीप’ म्हणजे रॅम वगळता बहुतेक यंत्रणेचा वीजपुरवठा बंद, आणि ‘एस२आयडल’ म्हणजे प्रोसेसर केवळ निष्क्रिय. दोन्ही प्रकार उपलब्ध असतील तर एकात बिघाड होतो आणि दुसऱ्यात होत नाही, एवढ्या माहितीनेही शोधाचे क्षेत्र बरेच आकसते.

आता मुख्य चाचणी. ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’ या फाइलमध्ये रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून ‘फ्रीझर’ हा शब्द लिहावा आणि नेहमीप्रमाणे सस्पेंड करावे. कर्नल फक्त चालू प्रक्रिया गोठवते, सुमारे ५ सेकंद थांबते आणि स्वतःच परत येते. हे नीट झाले तर क्रमाने ‘डिव्हायसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’ आणि ‘कोअर’ हे शब्द लिहून तीच कृती करावी. प्रत्येक पायरीवर कर्नल आधीपेक्षा थोडे खोल जाते. काही दोष अधूनमधूनच उमटतात, म्हणून एकाच यशस्वी प्रयत्नावर विसंबू नये. शेवटी ‘नन’ (none) लिहायला विसरू नये, अन्यथा लॅपटॉप खरोखर कधी झोपणारच नाही.

‘डिव्हायसेस’ ही पायरी अडली तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरमध्ये असतो. काढता येण्याजोग्या मॉड्यूलांपैकी (कर्नलला जोडलेले ड्रायव्हरसारखे सुटे भाग) निम्मी उतरवून चाचणी घ्यावी आणि ज्या निम्म्यात दोष उरतो त्याचे पुन्हा दोन भाग करत जावे. मॉड्यूल बरीच असली तरी थोड्याच चाचण्यांत शोध एकावर येऊन ठेपतो. वायफाय आणि ब्लूटूथ यांपासून सुरुवात करणे मला सोयीचे वाटते, कारण ती उतरवल्याने पडदा किंवा डिस्क बंद पडत नाही.

सर्व चाचण्या पार पडूनही खऱ्या रिझ्यूममध्ये (झोपेतून जागे होताना) लॅपटॉप गोठत असेल, तर अडचण वेगळीच असते : त्या क्षणी डिस्क आणि पडदा दोन्ही जागे नसतात, त्यामुळे लॉग (कर्नलच्या नोंदी) लिहायला जागाच उरत नाही. यावर लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये लिहिलेला उपाय मला कर्नलमधील अत्यंत कल्पक कामांपैकी एक वाटतो. ‘/सिस/पॉवर/पीएम_ट्रेस’ मध्ये १ लिहिले की कर्नल प्रत्येक टप्प्याची सांकेतिक खूण मदरबोर्डवरील घड्याळात नोंदवत जाते, कारण रीस्टार्ट झाल्यावरही टिकणारी तेवढीच जागा हाताशी असते. लॅपटॉप गोठल्यावर तो सक्तीने बंद करून ३ मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करावा, कारण घड्याळ पुढे सरकत राहिले की खूण बिघडते. मग ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेच्या लॉगमध्ये ‘हॅश मॅचेस’ (hash matches) असे शब्द शोधावेत. त्या ओळींत कर्नलची स्रोत फाइल आणि अनेकदा उपकरणाचे नावही सापडते. एकच खूण योगायोगाने एकाहून अधिक नावांशी जुळू शकते, त्यामुळे प्रयोग पुन्हा करून खात्री करावी. लॅपटॉपची तारीख आणि वेळ यात चुकते. ती नंतर दुरुस्त करावी.

पूर्वीच्या कर्नलवर हाच लॅपटॉप व्यवस्थित झोपत असेल, तर गिट बायसेक्टने (कर्नलमधील बदलांची यादी निम्मी-निम्मी करत शोधणारी आज्ञा) दोषी बदल गाठता येतो. सुमारे १००० बदलांतून तो शोधायला साधारण १० चाचण्या पुरतात. प्रत्येक चाचणीसाठी झाकण उघड-मिट करण्याऐवजी ‘आरटीसीवेक’ (rtcwake) ही आज्ञा वापरावी, ती ठरलेल्या सेकंदांनी लॅपटॉप आपोआप जागा करते. हाती आलेली माहिती कर्नल आवृत्ती, लॅपटॉपचे मॉडेल, अडलेली पायरी आणि लॉग यांसह संबंधित ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांकडे पाठवावी.