व्हीलचेअरसह समुद्रकिनारी जाताना: आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक

चालता न येणाऱ्या व्यक्तीसह समुद्रकिनारी जायचे ठरले की बहुतेक जण प्रथम खोली आणि रॅम्प यांची चौकशी करतात. माझ्या मते त्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, कारण सकाळी ज्या पुळणीवरून व्हीलचेअर सहज जाते, तीच पुळण दुपारी भुसभुशीत वाळूचा अरुंद पट्टा होऊन बसते.

कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात. सपाट, बारीक वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली वाळू मात्र दबून घट्ट झालेली असते. म्हणून पूर्ण ओहोटीच्या सुमारे दोन तास आधी पोहोचावे. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते, त्यामुळे ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि कालचे गणित आज चालत नाही. शिवाय पाणी एकाच वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीतील जवळजवळ निम्मी वाढ तिसऱ्या आणि चौथ्या तासात होते, म्हणून ओहोटी पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत घट्ट वाळू सोडलेली बरी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पट्टा अधिक रुंद मिळतो, पण पाणीही तितक्याच घाईने परतते.

कोरडा टप्पा ओलांडताना खुर्ची पुढे ढकलू नये. ती वळवून किंचित मागे कलवावी, पुढची चाके उचललेली ठेवावीत आणि मोठ्या चाकांवर उलटी ओढत न्यावी.

बोटीचे गणित याच्या नेमके उलट असते. तरत्या धक्क्यावर उतरणारा पूल भरतीच्या वेळी जवळजवळ आडवा असतो आणि ओहोटीला उभा होतो; रॅम्पसाठी सर्वसाधारणपणे मान्य असलेला 1:12 (बारा फूट लांबीत एक फूट) हा चढ तेव्हा तेथे उरत नाही. पुळण आणि बोट दोन्ही हवी असल्यास त्यांच्यात पाच-सहा तासांचे अंतर ठेवावे.

फोनवर ‘दिव्यांगांसाठी सोय आहे का?’ असे विचारल्यास उत्तर हमखास ‘आहे’ असे येते. त्याऐवजी वाळूवर अंथरलेली चटई पाण्यापासून किती अंतरावर संपते, फुगीर टायरच्या खुर्चीची वजनमर्यादा किती, ती ढकलायला माणूस मिळतो का आणि शौचालयाचे दार किती रुंद आहे, हे विचारावे. अशा बहुतेक खुर्च्या बसणाऱ्याला स्वतः चालवता येत नाहीत, ही गोष्ट अनेकांना तेथे गेल्यावरच कळते. ग्रीसमधील अनेक किनाऱ्यांवर रुळांवरून थेट पाण्यात नेणारी, सौरऊर्जेवर चालणारी आसने आहेत आणि ती बसणाऱ्याला स्वतः रिमोटने चालवता येतात. स्वावलंबन हवे असणाऱ्यांना हा फरक फार मोठा वाटतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी लाइफ जॅकेट शांत, उथळ पाण्यात सोबत्यासह तपासावे. अर्धांगवायू किंवा अवयवच्छेदन झाले असल्यास शरीराचा तोल बदलतो आणि नेहमीचे जॅकेट चेहरा वर ठेवीलच असे नाही. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा असलेल्यांना त्याखाली पुरेसा घाम येत नाही, म्हणून सावली आणि अंगावर शिंपडायला पाणी जवळ असू द्यावे. संवेदना नसलेल्या पायांत मऊ बूट घालावेत. खडकावरील कालवांनी कापलेले संध्याकाळपर्यंत लक्षातही येत नाही.

ऐकू न येणाऱ्यांनी जीवरक्षकाच्या शिटीवर विसंबू नये, तर ध्वजांचे अर्थ आधी समजून घ्यावेत. जपानमध्ये 2020 पासून त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी लाल-पांढऱ्या चौकडीचा ध्वज वापरात आहे, तो याच कारणाने. दृष्टिहीनांनी पांढऱ्या काठीला मोठे, फिरते टोक लावल्यास ती वाळूत कमी रुतते.

विजेवर चालणारी खुर्ची खाऱ्या पाण्याजवळ नेऊच नये. साधी खुर्ची त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी, पुढच्या चाकांच्या कण्याभोवती अडकलेली वाळू काढावी आणि बेअरिंग पुसून, वाळवून त्यांना तेल दिल्यावरच खुर्चीची घडी करावी.