दिव्यांग विद्यार्थ्याचा पेपर लिहून देणाऱ्या लेखनिकाची परवानगी आहे, पण वर्गातल्या सरांना पत्ताच नाही!

पेपर सुरू व्हायची वेळ, आणि पर्यवेक्षक म्हणतात, "आम्हाला कळवलेलं नाही." ऑफिसात फोनाफोनी होईपर्यंत वीस मिनिटं जातात.

१. हॉलतिकिटाची वाट बघू नका. परीक्षा फॉर्मसोबतच लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज द्या, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स जोडून.

२. अर्जात 'जादा वेळ मिळावा' एवढंच मोघम नको. 'तासाला २० मिनिटं, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास' असं लिहा.

३. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच. मंजुरीपत्राच्या चार झेरॉक्स पाकिटात. पहिली पर्यवेक्षकांच्या हातात, घंटेआधी.

४. आजारपण सांगून येत नाही, म्हणून राखीव लेखनिकाचंही नाव देऊन ठेवा.

फक्त लेखनिकाच्या शिक्षणाची अट आधी विचारून घ्या. तिथे अर्ज अडू शकतो.