विहिरीच्या आलेखात पाणी कसं भरायचं

आमची विहीर ४२ फूट खोल. दर रविवारी सकाळी, मोटर लावायच्या आधी, मी काठावरून टेप सोडते आणि पाणी किती फुटांवर लागलं ते वहीत टिपते. (उपसा सुरू झाल्यावर घेतलेला आकडा धरू नका, तोवर पातळी खाली गेलेली असते.) वर्षभराचे आकडे एक्सेलमध्ये भरून रेषा काढली, तिच्याखाली निळा रंग भरला आणि तो आलेख मामांना दाखवला. ते म्हणाले, "सूनबाई, वैशाखात विहीर तुडुंब होती होय?"

त्यांचं बरोबर होतं. मे महिन्यात टेप ३७ फूट जायचा, सप्टेंबरात ६. म्हणजे उन्हाळ्यात रेषा वर चढत होती आणि मी जिथे निळा रंग भरला होता ती विहिरीतली पोकळी होती. नुसती रेषा असती तर बघणारा थांबून आकडे वाचतो. रंग भरला की तो रंगालाच पाणी समजतो. म्हणून रंगाआधी आकडे सुलटे करा: तिसऱ्या रकान्यात ४२ उणे टेपचा आकडा. मे महिन्याचं झालं ५, सप्टेंबरचं ३६. आता शून्य म्हणजे खरोखरचा तळ. उभा अक्ष शून्यापासूनच सुरू ठेवा. तो २० पासून सुरू केलात तर तळाचं २० फूट पाणी चित्रातून गायब होतं.

आता रंग. पाण्याचा रकाना शेजारी जसाच्या तसा पुन्हा उतरवा. तारखा आणि हे दोन्ही रकाने निवडून इन्सर्टमधून कॉम्बो चार्ट घ्या. एका रकान्याला 'लाइन' द्या, दुसऱ्याला 'एरिया'. रेषा आपोआप रंगाच्या वर येते. मग रंगावर राइट क्लिक करून फॉरमॅट डेटा सिरीज, फिल, सॉलिड फिल, आणि ट्रान्स्परन्सी ६० ते ७० टक्के. गडद रंगाखाली आडव्या रेघा झाकल्या जातात आणि आकडा वाचता येत नाही.

दोन्ही टोकांना रंग आणि चौकट यांत फट राहिली, तर आडव्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये 'ऑन टिक मार्क्स' निवडा. तिथेच 'डेट अ‍ॅक्सिस' करून ठेवा, त्याचं कारण असं. एका रविवारी मी लग्नाला गेले होते, मोजणी राहिली, तो कप्पा रिकामा ठेवला. रेषा तिथे तुटली, पण रंग थेट तळाला टेकला, जणू त्या दिवशी विहीर आटली. मोजणी चुकली तर ती अख्खी ओळच काढून टाका. डेट अ‍ॅक्सिस असला की तारखेची जागा तशीच राहते आणि अलीकडचा आकडा पलीकडच्याला सरळ जोडला जातो. अंदाजाने आकडा मात्र भरू नका.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो दुहेरी रंग. आमचा फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून ३ फुटांवर आहे, त्याखालचं पाणी मोटर उचलत नाही. एका रकान्यात ३ आणि पाण्याची उंची यांतला लहान आकडा घेतला (मिन हे सूत्र), दुसऱ्यात उंचीतून तो वजा करून उरलेला. दोघांना 'स्टॅक्ड एरिया' दिलं, खालच्याला मातकट रंग, वरच्याला निळा, आणि एकूण उंचीची रेषा वरून तशीच. मे महिन्यात निळा पट्टा जेमतेम २ फुटांचा दिसतो. भाजीला पाणी द्यायचं की गुरांसाठी राखायचं, ते आम्ही त्या पट्ट्याकडे बघून ठरवतो.

रंगाचं क्षेत्रफळ मोजून 'इतकं पाणी वापरलं' असं मात्र म्हणू नका. ही रेषा पातळीची आहे. मिनिटाला किती लिटर उपसलं याची रेषा असती, तर तिच्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण उपसा झाला असता. तो आलेख मला पाटाच्या तोंडाशी बादली आणि घड्याळ घेऊन या रब्बीत करायचा आहे.