लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचा रंग: अर्जातला घोळ असा सोडवतो

लॅब्रॅडॉरला मान्य रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेटी. ‘क्रीम’ आणि ‘फॉक्स रेड’ या पिवळ्याच्याच छटा, म्हणून पिल्लाच्या नोंदणी अर्जातल्या रंगाच्या रकान्यात मी ‘पिवळा’ लिहितो.

खरा घोळ नाकावरून होतो. नवजात पिवळ्या पिल्लाचं नाक गुलाबी असतं, ते पुढच्या काही आठवड्यांत गडद होतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात नाक पाहून निर्णय नको. नंतर मात्र नाक, ओठ आणि पापण्यांच्या कडा दिवसाच्या उजेडात नीट पाहायच्या. उन्हानं तांबूस पडलेला काळा कुत्रा चॉकलेटी वाटतो, पण त्याचं नाक काळंच असतं. चॉकलेटीचं कायम तपकिरी. पिवळ्या अंगावर तपकिरी नाक दिसलं तरी रंग पिवळाच.

मग आईवडिलांचे रंग ताडून पाहतो. दोघं पिवळी असतील तर सगळी पिल्लं पिवळीच होतात. दोघं चॉकलेटी असतील तर पिल्लं चॉकलेटी किंवा पिवळी, काळं कधीच नाही. अशा जोडीच्या नावावर काळं पिल्लू दिसलं, तर रंग खोडून बदलू नका. अर्ज थांबवा आणि आधी पालकत्वाची डीएनए तपासणी करून घ्या. बहुधा दुसऱ्याच नराशी संयोग झालेला असतो.